गाडा कोणासाठी चालतो? : ‘गाव-गाडा’, ‘बलुतं’ आणि ‘करुक्कु’

समाजव्यवस्था टिकते कशी, या प्रश्नाला संरचनात्मक कार्यवादाने दिलेले उत्तर सुपरिचित आहे. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९३५ च्या निबंधात समाजाची तुलना सजीव देहाशी केली. अवयव जसा देह जगवतो तशी प्रत्येक संस्था समग्राचे सातत्य राखते. तेच तिचे ‘कार्य’. टॅलकॉट पार्सन्स यांनी ‘द सोशल सिस्टिम’ (१९५१) मध्ये व्यवस्थेचे संतुलन समान मूल्यांच्या आत्मसातीकरणावर आधारले. या मांडणीची समाजशास्त्रीय चिकित्सा पुष्कळ झाली आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो : संस्थेचे कार्य सांगणारा स्वतः त्या व्यवस्थेत कोठे उभा असतो?

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ चा, म्हणजे उपरोक्त निबंधाच्या वीस वर्षे आधीचा. वतनदार, कारू-नारू, फिरस्ते यांची कामे आणि त्यांचे हक्क यांचे त्यातील तपशीलवार वर्णन कार्यवादी म्हणता येईल असेच आहे. तथापि आत्रे यांचे रूपक देहाचे नाही, गाड्याचे आहे आणि हा भेद महत्त्वाचा ठरतो. गाड्याला ओझे असते, जू असते. त्यात बसणारे वेगळे आणि तो ओढणारे वेगळे. तो रुततोही. कुणब्याच्या कष्टांवर किती जण पोसले जातात याची मोजदाद करून आत्रे यांनी देहाच्या रूपकात दडून राहणारा विरोध उघड केला. ‘उपयुक्त, पण कोणाला?’ हा रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये पुढे आणलेला प्रश्न येथे बीजरूपाने आहे. मात्र हा हिशेब कुणब्याच्या खळ्यावरून मांडलेला आहे. त्यात महार येतो तो प्रामुख्याने धान्याचा वाटा मागणारा हक्कदार म्हणून.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने तोच शब्द खळ्याच्या दुसऱ्या बाजूने उच्चारला. मेलेली जनावरे ओढणे, मयताचा सांगावा गावोगाव पोचवणे अशी वेळकाळाचे बंधन नसलेली कामे आणि त्यांच्या मोबदल्यात सुगीला पदरात पडणारे धान्य, असा हा हिशेब आहे. आत्रे यांच्याकडे जी देणेकऱ्याची तक्रार होती, ती येथे घेणाऱ्याची मानहानी होते. नोंदी त्याच, खातेदार बदलताच ‘कार्य’ या शब्दाचा अर्थ पालटतो.

चेन्नईत तुलनात्मक साहित्याच्या वर्गात ‘बलुतं’शेजारी बामा यांचे ‘करुक्कु’ (१९९२) हे तमिळ आत्मकथन ठेवले, की आत्मसातीकरणाची प्रक्रियाच दृष्टीस पडते. वस्तीतला एक वडीलधारा माणूस खाऊचा पुडा दोऱ्याला धरून, स्पर्श न करता, जमीनमालकाकडे नेत असतो. ते पाहून लहान मुलीला हसू येते. पुढे मोठा भाऊ त्यामागचे कारण सांगतो आणि हसू विरते. पार्सन्स ज्याला मूल्यांची सहमती म्हणतात ती मुळात नसते. ती शिकवावी लागते. आत्मकथन हा वाङ्मयप्रकार त्या शिकवणीआधीचा क्षण जपून ठेवतो. ‘बलुतं’मध्ये दया पवार आणि दगडू मारुती पवार यांचा संवाद घडतो. तेथे ही शिकवण शहरात आणि शिक्षणानंतरही पुरती पुसली जात नाही. बामा यांना तर ती ख्रिस्ती मठातही भेटते. म्हणजे संस्था बदलली तरी क्रम टिकतो.

याचा अर्थ कार्यमीमांसा त्याज्य ठरते असा नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने म्हणून केला. ही कार्यमीमांसाच होय. पण तिच्यात समर्थनाचा लवलेश नाही. ‘जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे’ हा त्यांचा १९३६ मधील निष्कर्ष त्याच विचारदिशेचा पुढचा टप्पा आहे.

सारांश, सुव्यवस्था ही समग्राची गरज असे म्हणताना त्या समग्राच्या वतीने कोण बोलतो हे तपासणे अनिवार्य आहे. सिद्धान्त जेथे ‘समाज’ हा एकच कर्ता मानतो, तेथे ही आत्मकथने पुडा नेणारा हात आणि तो पाहणारी नजर वेगवेगळी दाखवतात. तुलनात्मक साहित्याने समाजशास्त्राला द्यावयाची भर हीच.