म्हाइंभट : साक्षीदार शोधत फिरलेला चरित्रकार

बारामतीत जुन्या मराठी साहित्याचा विषय काढला की पहिलं नाव मोरोपंतांचंच निघतं, आणि ते योग्यच आहे. पण आज आपण त्यांच्याही मागे सुमारे पाचशे वर्षं जाणार आहोत. विषय आहे म्हाइंभट आणि त्यांचं 'लीळाचरित्र'. प्रश्न एकच ठेवू : भक्तानं लिहिलेल्या चरित्रावर इतिहास म्हणून कितपत विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न जगात जुना आहे. इंग्लंडच्या जॅरो मठात बीड नावाचा एक संन्यासी होता. नाव ऐकून आपल्याला मराठवाडा आठवेल, पण हा आठव्या शतकातला. सातव्या वर्षी मठात आलेला हा माणूस ७३१ साली इंग्रज लोकांच्या धर्माचा पाच भागांचा इतिहास पुरा करतो. त्यात चमत्कार भरपूर आहेत. तरी इतिहासकार त्याला मान देतात, कारण कोणती माहिती कुणाकडून मिळाली हे तो प्रस्तावनेतच सांगून टाकतो. लंडनच्या एका धर्मगुरूनं रोमच्या दप्तरातली पत्रं उतरवून आणली, तेही तो नोंदवतो.

म्हाइंभटांकडे असं दप्तर नव्हतं. होती ती माणसं. अहिल्यानगरकडच्या सराळे गावचे हे विद्वान ब्राह्मण. चक्रधरस्वामींशी वाद घालायला आले आणि शिष्य झाले. स्वामी निघून गेल्यावर अनुयायी ऋद्धिपुरास, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंजवळ राहिले. तिथे नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. काही महिने हे चाललं. मग म्हाइंभट उठले आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना शोधत गावोगाव फिरले. सुमारे १२७८ चा हा ग्रंथ. मराठी गद्याचा पाया आपण इथे धरतो.

आता ग्रंथ उघडून पाहा. स्वामी कुठे बसले, कोण आलं, काय जेवण झालं, कोण रुसलं, कुणी काय विचारलं, हे सगळं बारीकसारीक येतं. महदाइसा प्रश्नावर प्रश्न विचारते आणि लेखक तिला गप्प करत नाही. शिष्यांचे हट्ट, हेवेदावे, भाबडेपणा झाकलेले नाहीत. नुसती स्तुतीच करायची असती, तर यातलं निम्मं गाळलं असतं, नाही का? वाक्यं छोटी, बोलण्यातली. पंडित असूनही म्हाइंभटांनी पांडित्य बाजूला ठेवलं, आणि हा आमच्या मते त्यांचा सगळ्यात मोठा वाङ्मयीन निर्णय आहे.

पण उणीवही बोललीच पाहिजे. बीडनं ख्रिस्ती सनाची कालगणना इतिहासात रुजवली. लीळाचरित्रात सनावळीची शिस्त नाही. स्थळ पक्कं, काळ सैल. दुसरं, स्वामींचे विरोधक आपल्याला फक्त अनुयायांच्या कानांनी ऐकू येतात. त्यांची बाजू शोधत म्हाइंभट फिरले नाहीत. म्हणून यादवकाळातलं राहणीमान, भाषा, गावं यांसाठी हा ग्रंथ बावनकशी आहे. वादात कोण बरोबर होतं हे ठरवायला मात्र एकटा पुरत नाही.

खरी कसोटी तर पुढेच आली. परंपरा सांगते की खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ग्रंथ पुन्हा उभा केला तो स्मरणातून. हिराइसा या बाईंचा पाठ, परशरामबासांचा पाठ, असे वेगवेगळे पाठ तयार झाले. आणि इथे ही मंडळी काय करतात पाहा. पाठ जुळत नाहीत, तेव्हा एक ठेवून बाकीचे फेकून देत नाहीत. अमक्याच्या आठवणीत असं आहे, तमक्याच्या आठवणीत तसं, अशी नोंद ठेवतात. गुरूचे शब्द ज्यांना देववाणी वाटत होते, त्यांनीच मतभेद पुसले नाहीत! साक्षीदार महत्त्वाचा, हा म्हाइंभटांचा धडा त्यांनी पुढे चालवला. पुढे सांकेतिक लिप्यांत बंद राहिलेलं हे साहित्य विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या कष्टांनी आपल्यापर्यंत पोचलं.

हे इथे का सांगायचं? इंदापूरकरांना उजनीच्या पाण्यात गेलेलं जुनं पळसदेव माहीत आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचं शिखर वर येतं. शिखर दिसतं, पण त्या गावात कोण कुठे राहत होतं, जत्रा कशी भरत होती, हे शिखर सांगत नाही. ते म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं, आणि दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं तर दोन्ही लिहावं लागतं, सांगणाऱ्याच्या नावानिशी. आपण गावाचा इतिहास लिहायला बसतो तेव्हा एकच गोळीबंद गोष्ट करायची घाई करतो, आणि त्यात बायकांच्या आठवणी बहुधा पहिल्यांदा गळतात. हिराइसेची आठवण गळली असती, तर आज आपल्या हातात किती लीळाचरित्र उरलं असतं, याचा विचार करा.

तेव्हा म्हाइंभटांवर विश्वास ठेवायचा का? चमत्कारांपुरता ज्याचा त्यानं ठरवावा. पण विचारत फिरणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या आणि ऐकलेलं साध्या मराठीत उतरवणाऱ्या लेखकावर आम्ही ठेवतो. आता प्रश्न विचारा.