कडकपणा मोजला, चिवटपणा गृहीत धरला

आज एका सवयीची चिरफाड करू या, कारण उद्या ती तुमच्याही प्रबंधात शिरू शकते. स्टीलच्या स्क्रूंच्या हीट ट्रीटमेंटवरचे अनेक प्रकल्प एकाच वाक्यावर संपतात: काठिण्य आणि चिवटपणा दोन्ही सुधारले. आत पाहावं तर तक्ता फक्त रॉकवेलचा!

युक्तिवाद असा असतो: क्वेंचिंगने मार्टेन्साइट झालं, स्टील कडक पण ठिसूळ झालं. टेंपरिंगने काठिण्य उतरलं, म्हणजे चिवटपणा वाढलाच. गडबड या ‘म्हणजे’त आहे. साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात बऱ्याच स्टील्सचं काठिण्य उतरतं आणि आघात सोसायची ताकदही घटते. मार्टेन्साइटच्या सीमांवर सिमेंटाइटचे पातळ थर बसतात; फॉस्फरस असेल तर आणखी वाईट. ३५० अंशांना टेंपर केलेला स्क्रू तक्त्यात छान दिसेल, पण झटक्याला दगा देऊ शकतो.

आयएस १३६७ चा भाग ३ उघडून बघा. १०.९ वर्गाच्या बोल्टला काठिण्य ३२ ते ३९ एचआरसी हवं, आणि टेंपरिंग किमान ४२५ अंशांना, म्हणजे तो पट्टा ओलांडूनच. शिवाय डोक्याखाली तिरकी पाचर ठेवून बोल्ट ओढतात. तो दांड्यात किंवा आट्यांत तुटला तर चालतो, डोक्याच्या सांध्यात नाही.

‘मग चार्पी करू’ म्हणाल, तर प्रमाण नमुना १० बाय १० बाय ५५ मिमीचा. एम६ स्क्रूतून तो निघणारच नाही. सळईवर चाचणी करून निष्कर्ष स्क्रूला चिकटवला, तरी जाड सळई हळू थंड होते आणि तिला आटेही नसतात.

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात विळ्याला पाणी पाजताना लोहार धार कडक करतो, पाठ मऊ ठेवतो. केस हार्डनिंग केलेल्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूचा हेतूही तोच: पृष्ठभाग किमान ४५० विकर्स, गाभा त्याहून मऊ. ‘दोन्ही’ मिळतं, पण वेगवेगळ्या जागी. तिथे एकच आकडा देऊन कसं भागेल?

म्हणून स्क्रू कापा, कडेपासून गाभ्यापर्यंत मायक्रोहार्डनेस घ्या, पिळून तोडा, तुटलेला पृष्ठभाग एसईएमखाली बघा. एवढं जमत नसेल, तर निष्कर्षात फक्त ‘काठिण्य’ लिहा. अर्धं पण खरं वाक्य व्हायवात टिकतं.