वारंवार मूर्च्छा येणारा नायक

समीक्षा लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारण्याआधीच सांगून टाकतो: काही नाही. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. पण आमच्या गणेश मंडळाने बसवलेल्या नाटकांवर गेली 15 वर्षे मी सडेतोड अभिप्राय देत आलो आहे, आणि त्यापायी दोन नायक आणि एक नेपथ्यकार आजही मला पाहिले की रस्ता बदलतात. समीक्षकाला याहून मोठे प्रमाणपत्र लागत असेल असे वाटत नाही. तेव्हा गेल्या पावसाळ्यात ओळीने 11 रात्री जो एकपात्री प्रयोग मला घरच्या टेबलावर पाहावा लागला, त्याचे परीक्षण लिहायला हरकत नसावी.

प्रयोगाचे नाव 'फाइल एक्सप्लोरर'. कथानक म्हणाल तर साधेच. कम्प्युटरवरच्या कपाटातून मागितलेला फोल्डर काढायचा आणि समोर मांडायचा. आमचा दफ्तरी हे काम तंबाखू मळता मळता करतो. पण आमच्या नायकाला फोल्डरवर दोनदा टिचकी मारली की तो आधी विचारात पडायचा. मग खिडकी दुधात पाणी घातल्यासारखी फिक्कट व्हायची. डोक्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी लागायची. खिडकीने 5 सेकंद दखल घेतली नाही की विंडोज ही पाटी लावते म्हणे. पाच सेकंद! हा नियम कचेऱ्यांना लावला तर पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी होईल, आणि चांदीसाठी खामगावला जायची गरज उरणार नाही.

यानंतर खरी मूर्च्छा. खिडकी नाहीशी. खालची पट्टी नाहीशी. पडद्यावरची सगळी चित्रे नाहीशी. क्षणभर नुसता अंधार, आणि मग नायक पुन्हा उठून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने पहिल्या प्रवेशापासून सुरुवात! संगीत नाटकात वन्समोअर असतो, पण तो मागावा लागतो. इथे कोणी न मागता रात्री 11 पर्यंत वन्समोअर.

आता यात नाटककाराचा दोष किती ते पाहू. 1990 साली विंडोजची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा ही कामे वाटून दिलेली होती. फायली सांभाळायला एक 'फाइल मॅनेजर', कार्यक्रम सुरू करून द्यायला दुसरा 'प्रोग्रॅम मॅनेजर'. 1995 च्या विंडोजमध्ये दोघांची खाती एकत्र करून एक्सप्लोररच्या गळ्यात घातली. फायलींची खिडकी तोच, खालची पट्टी तोच, स्टार्टचा मेनू तोच, मागचा पडदाही तोच. कॅश, पासबुक आणि ड्राफ्ट ही तिन्ही खाती एकाच कारकुनाकडे दिली की तो चहाला गेल्यावर अख्खी शाखा बंद पडते, हे कोणीही सांगेल. मला कोणी विचारले नाही. तो पडला की त्याला उठवून पुन्हा खुर्चीत बसवणारा एक शिपाई मात्र विंडोजने नेमलेला आहे, म्हणून तर मूर्च्छेनंतर पट्टी परत येते. गंमत म्हणजे त्या जुन्या फाइल मॅनेजरची संहिता 2018 साली सर्वांसाठी खुली करण्यात आली. निवृत्त माणसाला सत्काराला बोलवावे तशी.

नावाबद्दलही माझा आक्षेप आहे. 'फाइल एक्सप्लोरर' हे बारसे 2012 सालचे, विंडोज 8 च्या वेळचे. त्याआधी 'विंडोज एक्सप्लोरर'. एक्सप्लोरर म्हणजे शोध लावणारा. आमच्या जिल्ह्याला या जमातीचा जुना अनुभव आहे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या सरोवराचा शोध लावला. तोवर काठावरची देवळे बांधणाऱ्यांनी बहुधा डोळे मिटून दगड रचले असावेत. पण अलेक्झांडराला सरोवर दिसले तरी. आमच्या शोधकाला समोर असलेला फोल्डर दिसेना.

आणि तो फोल्डर माझ्या वडिलांचा होता.

वडील मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. रोजचा खर्च रात्री कंदिलाशी बसून वहीत लिहायचा, खाली बेरीज घ्यायची, आणि मग तीच बेरीज खालून वर करून ताडायची. त्यांची बेरीज चुकलेली मी पाहिली नाही. माझी मात्र त्यांनी नेमकी पाहिली. कॉलेजच्या खर्चात 10 पैशांचा फरक आला म्हणून मला अमरावतीहून पत्राने खुलासा पाठवावा लागला होता. ते गेल्यावर 14 वह्या पेटीत निघाल्या. मी त्या हौसेने पानोपान स्कॅन करून घेतल्या. पेटी माळ्यावर ठेवली, आणि उरलेले काम वाळवीने केले. म्हणजे वडिलांच्या अक्षराची या जगात एकच प्रत उरली, आणि ती या फेफरे येणाऱ्या नटाच्या ताब्यात.

"पेनड्राइव्हवर काढून ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं," ही म्हणाली. तिसऱ्यांदा सांगितले नव्हते, हे मी निदर्शनास आणून दिले नाही.

पहिले आठ प्रयोग मी स्वतःच्या जबाबदारीवर केले. मशीन बंद करून चालू केले. तोंडओळखीच्या प्रत्येकाचा सल्ला घेतला. एकाने कम्प्युटरला धूळ बाधते म्हणून फुंकर मारायला लावली. नववा अंक सुरू होण्याआधी मनात आले, अक्षय तृतीया असती तर भेंडवळला जाऊन घटमांडणीत पाऊसपाण्याबरोबर याचेही भाकीत विचारून आलो असतो. शेवटी चिखलीचा भाचा आला. त्याने पाच मिनिटे नाटक पाहिले, आणि मला 11 रात्रींत न सुचलेले वाक्य बोलला.

"मामा, फायलींले काही झालं नाई. त्या जाग्यावरच हायेत. दाखवणारा पडून राहिला."

मग त्याने एक काळी खिडकी उघडली आणि 'रोबोकॉपी' नावाची एक आज्ञा लिहिली. ही आज्ञा एक्सप्लोररला विचारतच नाही, परस्पर कपाटाकडे जाते. साहेबाची सही न घेता काम झाल्याचे पाहून मला जरा अस्वस्थ वाटले, पण पेनड्राइव्हवर 2,114 फायली उतरल्या. इकडे 2,114, तिकडे 2,114. ताळा जुळला. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आला तर क्रम हाच ठेवा: आधी प्रत, मग पंचनामा.

पंचनामाही झाला. विंडोज आपल्या दुखण्यांची रोजकीर्द लिहिते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. त्यात 1000 क्रमांकाच्या नोंदींची रांग होती आणि प्रत्येक नोंदीत पडणारा एक्सप्लोरर असला तरी दोषी भाग म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव! त्याआधी भाच्याने नेमाचे उपचार करून पाहिले होते. एक्सप्लोररचा इतिहास पुसला, चित्रांच्या छोट्या प्रतिमा बंद केल्या, मूळ फायली तपासणारी 'एसएफसी' चालवली. तिने सगळे ठणठणीत असल्याचा दाखला दिला. ऑडिटरही असेच देतात.

"मामा, याच्या अंगात येते," भाचा म्हणाला.

हे मी विनोदाने घेतले, पण ते शास्त्र निघाले. बाहेरचे कार्यक्रम आपले छोटे छोटे तुकडे एक्सप्लोररमध्ये बसवून ठेवतात. उजव्या टिचकीच्या यादीत एक ओळ वाढव, चित्राच्या कोपऱ्यात एक खूण लाव, असली कामे. हे तुकडे त्याच्याच देहात वावरतात, त्यामुळे तुकडा अडखळला की पडतो एक्सप्लोरर. मी स्कॅनिंगच्या दिवसांत फोटो नीटनेटके करणारा एक फुकटचा कार्यक्रम बसवला होता. तो प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात हिरवा टिक्का लावत असे. 40 चित्रांना तो निभावून न्यायचा. वडिलांच्या 2,114 पानांवर टिक्का लावताना मात्र त्याचा हात थरथरत असावा. त्यांच्या वहीवर खूण करण्याची छाती मलाही झाली नसती.

तो कार्यक्रम काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केले. दोनदा टिचकी. फोल्डर उघडला.

येथे समीक्षकाला आपले मत बदलणे भाग आहे. ज्या नटाला मी 11 रात्री शिव्या घातल्या, तो बिचारा संवाद चोख पाठ करून आला होता. पाहुण्या कलाकाराने त्याच्या पायात पाय घातला, आणि त्या पाहुण्याला आमंत्रण मी दिले होते. एवढी एकच तक्रार शिल्लक ठेवतो, की नायकाने अंगात कोणालाही येऊ देऊ नये. फोल्डरच्या खिडक्या वेगळ्या प्रक्रियेत उघडण्याची एक सोय पर्यायांमध्ये आहे, ती मी आता लावून ठेवली आहे. खिडकी पडली तरी पट्टी उभी राहावी एवढाच हेतू.

भाचा रात्रीच्या गाडीने गेला. मी वह्या चाळत बसलो. 1981 ची वही, फेब्रुवारी महिना. एका पानावर चार ओळी होत्या. सुईणबाई 15.00. पेढे 11.00. टांगा 2.00. गूळ, तूप 6.25. पानाच्या कोपऱ्यात, खर्चाचा तपशील म्हणून, 'मुलगा झाला'. खाली बेरीज 34.00.

मी वरून खाली बेरीज केली. मग खालून वर केली. मग चष्मा पुसून पुन्हा वरून खाली केली.

"सापडलं का काही?" आतून हिने विचारले.

"पंचवीस पैसे," मी म्हणालो.