कहाणीपलीकडचे गाणे

कलावंताची कहाणी करुण असली, की त्याच्या कलेलाही आपण दोन गुण अधिक देऊन मोकळे होतो. बुबाकार त्राओरे यांची १९९० ची ‘मारियामा’ ही ध्वनिमुद्रिका ऐकताना हा मोह फार होतो.

कारण कहाणी खरोखरच तशी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, काये शहरी १९४२ साली त्यांचा जन्म झाला. १९६० मध्ये माली स्वतंत्र झाला आणि ‘माली ट्विस्ट’ हे त्यांचे गाणे नभोवाणीने घरोघर पोचवले. कीर्ती मिळाली, पैसा नाही. त्या गाण्यांची तबकडी निघालीच नाही! पोटासाठी त्यांनी शिंपीकाम केले, दुकान चालवले. पुढे पत्नी बाळंतपणात गेली. पॅरिसला जाऊन ते बांधकामावर मजुरी करू लागले. नभोवाणीवरची जुनी ध्वनिफीत एका ब्रिटिश निर्मात्याच्या हाती लागली, तेव्हा कुठे वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या सुमारास ही ध्वनिमुद्रिका निघाली.

आता ही कहाणी क्षणभर बाजूला ठेवू. मागे काय उरते? एक कंठ आणि विजेविना वाजणारी एक साधी गिटार. पण ती गिटार दोन वाद्यांचे काम करते. अंगठा खालच्या तारेवर संथ ठेका धरून असतो, आणि वर बोटे बारीक नक्षी विणतात. ही रीत तिकडच्या कोरा या एकवीस तारांच्या वाद्याची. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’शी या गाण्याचे नाते लोक सांगतात, ते खोटे नाही, पण या हाताचे माहेर मालीतच आहे.

आवाज किंचित जाडाभरडा. तो कुठेही हुंदका देत नाही. दुःखाचे गाणे म्हटले की व्हायोलिनांचा ताफा रडायला बसवण्याची सवय लागलेल्या कानांना हा संयम प्रथम कोरडा वाटेल. चालीही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा. सलग ऐकताना वैविध्याची उणीव भासते, हे मान्य केले पाहिजे.

पण दोन ओळींच्या मधे गिटार जेव्हा एकटीच बोलत राहते, तेव्हा भाषा न कळूनही ऐकणारा गप्प होतो. तिथे आपण त्राओरे यांची कीव करीत नसतो. त्यांचे गाणे ऐकत असतो. कहाणी ठाऊक नसलेल्या घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याला ही ध्वनिमुद्रिका ऐकवून पाहावी. माझ्या मते, ती या कसोटीला उतरेल.