‘सोडणें’ आणि ‘विसरणें’ : ‘स्मृतिचित्रें’मधील क्षमेची भाषा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’विषयीं एक मत इतकें रूढ झालें आहे कीं तें तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाहीं. बाईंनीं अपार सोसलें. तरीहि त्यांच्या लेखनांत कडवटपणा नाहीं. आणि याचें कारण त्यांचा उपजत विनोदी स्वभाव, असें तें मत होय. यांतील पहिलीं दोन विधानें निर्विवाद आहेत. तिसरें अपुरें आहे. विनोद हा या ग्रंथाचा रंग आहे. ज्या भिंतीवर तो चढला ती भिंत निराळी आहे.

बाईंच्या दुःखाचा हिशेब लहान नाहीं. त्यांचा जन्म १८६८ चा. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना झालेल्या फाशीची छाया माहेरावर पडलेली. वडिलांना सोवळ्याचें वेड लागलेलें, आणि त्या वेडाखालीं सारें घर दबलेलें. १८८० मध्यें, अजाण वयांत, विवाह. सासरीं सासऱ्यांचा जाच. पति नारायण वामन टिळक प्रतिभावान आणि उदार, परंतु शीघ्रकोपी; घरांतलें दुसऱ्यास देऊन टाकणारे, न सांगतां निघून जाणारे. शेवटीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी नवरा जिवंत असतां एकाकी झाली. पुण्याहून सोलापूरकडे जातांना टेंभुर्णीस पंढरपूरचा रस्ता फुटतो. त्या पंढरपुरीं, बहिणीच्या आश्रयानें, या विरहाचा कांहीं काळ बाईंनीं काढला. पुढें दोघें पुन्हां एकत्र आलीं, पण प्रारंभीं बाईंनीं आपलें सोवळें सांभाळलें. जातिभेदाची अढी सुटली ती हळूहळू, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आतां प्रश्न असा कीं, हें सारें बाईंनीं ‘क्षमा केलें’ असें म्हणतां येईल काय? येथें शब्दांकडे वळणें आवश्यक आहे. ‘क्षमा’ या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या धातूचा अर्थ सहन करणें, समर्थ असणें असा आहे. पृथ्वीलाहि ‘क्षमा’ म्हणतात ती याच अर्थानें. म्हणजे क्षमेंत वजन क्षमा करणाराच्या अंगावरच राहतें. अरबींतून फारसीच्या वाटेनें आलेला ‘माफ’ हा शब्द दरबारी आहे. सारा माफ होतो, शिक्षा माफ होते, आणि माफ करणारा नेहमीं उच्चासनावर असतो. मराठी बायबलांतील प्रभूच्या प्रार्थनेंत या दोहोंऐवजीं ‘ऋण’ आणि ‘सोडणें’ हे शब्द आले आहेत. मत्तयाच्या ग्रीक पाठांतील नामाचा अर्थ ‘देणें’ असाच आहे, आणि क्रियापदाचा मूळ अर्थ दूर पाठविणें, सोडून देणें. मराठीला येथें कांहीं उसनें आणावें लागलें नाहीं. आपण कर्ज सोडतों, राग सोडतों, हक्कावर उदक सोडतों. आणि टेंभुर्णी-पंढरपूरकडील शेतकरीहि बांधाचें भांडण मिटवितांना ‘सोडा आतां’ असेंच म्हणेल.

ऋण सोडण्याचें एक वैशिष्ट्य समीक्षकांच्या नजरेंतून निसटलें आहे. जें ऋण सोडावयाचें तें आधीं वहींत मांडलेलें असावें लागतें. रक्कम ठाऊक नसतां जें सुटलें तें सोडलें असें होत नाहीं. तें केवळ बुडालें. ‘सोडणें’ हें म्हणून ‘विसरण्या’च्या उलट आहे. ‘स्मृतिचित्रें’ ही अशी वही आहे. प्रत्येक कलम तींत तारखेनिशीं नसलें तरी तपशिलानिशीं आहे. वसुलीची भाषा मात्र कोठें नाहीं. टिळकांचा संताप सांगतांना बाई संतापाला विशेषण लावीत नाहींत. प्रसंग मांडतात, दोघांचीं वाक्यें देतात, आणि स्वतःचा हट्ट, स्वतःची वेडगळ समजूतहि त्याच ओळींत बसवितात. भांडणांत दोन्ही पक्षांस सारखें बोलूं देणारें आत्मचरित्र मराठींत विरळा. पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करण्याची पद्धतिहि लक्षणीय आहे: आदर आहे, परंतु आर्जव नाहीं.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सोसणें आणि गप्प बसणें हा धडा मराठी स्त्रीस ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं शिकविला नाहीं. तो तिला पातिव्रत्याच्या आदर्शानें कितीतरी आधीं पढविला होता. मग बाईंची क्षमा ही त्या जुन्याच सोशिकपणाची नवी आवृत्ति कशावरून नव्हे? आक्षेप टाळण्यासारखा नाहीं, कारण क्षमेच्या नांवाखालीं अन्याय झांकला गेल्याचीं उदाहरणें कोणत्याहि धर्मांत कमी नाहींत. परंतु झांकणें हेंच तर बाई करीत नाहींत. पतिव्रतेनें नवऱ्याचें उणें चारचौघांत बोलावयाचें नसतें. बाईंनीं तें छापून काढलें. पुनर्मीलनहि त्यांनीं आपल्या गतीनें होऊं दिलें आणि धर्मांतर स्वतःची खात्री पटल्यावरच केलें. जिनें येणें मांडलें तिलाच तें सोडण्याचा अधिकार पोंचतो.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’शीं (१८८८) तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. तेथें पूर्वायुष्य हें अंधार म्हणून येतें, कारण पुढें प्रकाश यावयाचा आहे. नांवच तसें आहे. बाईंच्या ग्रंथांत माहेर, सोवळें, पंढरपूर यांपैकीं कशालाहि अंधाराचें काम दिलेलें नाहीं. ज्यांनीं दूर लोटलें त्या आप्तांविषयींहि त्यांची लेखणी मवाळ नसली तरी न्यायी आहे.

ई. जोसेफीन इंक्स्टर यांच्या १९५० च्या इंग्रजी भाषांतरास ‘आय् फॉलो आफ्टर’ असें नांव दिलें गेलें. हे शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत जुन्या इंग्रजी पाठांत सांपडतात, आणि लगेच पुढच्या वचनांत मागील गोष्टी विसरण्याची भाषा आहे. ‘स्मृति’ हा शब्द शिरावर धारण करणाऱ्या ग्रंथास हें नांव विपरीत वाटेल. मात्र तो अध्याय प्रारंभापासून वाचावा. पौल आपलें कुळ, आपलें परूशीपण, मंडळीचा केलेला छळ, सारें क्रमानें मोजतो, आणि मग ज्या ‘लाभ’ व ‘हानि’ या शब्दांत तें टाकतो ते व्यापाऱ्याच्या वहींतले आहेत. त्याचें विसरणेंहि हिशेब मांडून झाल्यानंतरचें आहे. नांव देणाराच्या मनांत हें होतें कीं काय न कळे. नांव मात्र त्यामुळें वाटतें तितकें चुकलेलें नाहीं. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतरानें मूळ नांव राखलें, हें अधिक बरें झालें.

ग्रंथाचे चारहि भाग सारख्या तोलाचे नाहींत, हेंहि नमूद केलें पाहिजे. १९१९ मध्यें टिळक निवर्तले आणि ग्रंथ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागला; या अंतरानें कांहीं धार आपोआप बोथट केली असेल, तिचें श्रेय श्रद्धेस देणें योग्य नव्हे. कित्येक ठिकाणीं, विशेषतः अपत्यांच्या मृत्यूंच्या वर्णनांत, बाई इतक्या लवकर पुढें सरकतात कीं वाचकास थांबावेंसें वाटतें आणि थांबतां येत नाहीं. तेथें कोणाकडे येणें मांडावयाचें हा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर ‘सोडणें’ या क्रियापदांतहि नव्हतें. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें बाईंनींच पुरें केलें. त्याच्या अध्यायांत या प्रश्नाचा माग लागतो काय, हें कोणीतरी तपासावयास हवें.