गर्भ, भय आणि उसाचा फड : 'लपाछपी'विषयी काही विचार

गर्भवती स्त्री आणि तिच्यावर घोंघावणारे अनामिक संकट हा भयकथेचा जुना विषय होय. पाश्चात्त्य वाङ्मयात त्याची दोन ठळक उदाहरणे सहज आठवतात. जॉन विंडम यांच्या 1957 च्या 'द मिडविच कुकूज' या कादंबरीत एका इंग्रज खेड्यातील सर्व प्रसवक्षम स्त्रिया एकाच वेळी, आणि कोणत्याही ज्ञात कारणावाचून, गर्भवती होतात; आयरा लेव्हिन यांच्या 1967 च्या 'रोझमेरीज बेबी'त न्यूयॉर्कमधील एका तरुणीच्या उदरात सैतानाचे अपत्य वाढू लागते. दोन्ही कथांवर अनुक्रमे 1960 व 1968 साली चित्रपट निघाले. बाहेरचे अनिष्ट गर्भात शिरते आणि जन्मास येणारे मूल हेच अरिष्ट ठरते, हे दोन्ही कथांचे समान सूत्र आहे. विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (2017) हा मराठी चित्रपट याच जातीचा मानला जातो. परंतु त्याची दिशा नेमकी उलट आहे, आणि त्या उलट दिशेतच त्याचे महत्त्व आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथानक थोडक्यात असे. कर्जबाजारी झालेला तुषार सावकाराच्या माणसांना चुकविण्यासाठी आपल्या गर्भवती पत्नीला, नेहाला, घेऊन शहरातून पळतो. चालक भाऊराव त्यांना उसाच्या फडांत वेढलेल्या आपल्या एकाकी घरी नेतो. तेथे तुळसाबाई ही प्रौढ स्त्री नेहाची मायेने देखभाल करते. मग फडांत मुलांचे खेळणे ऐकू येते, एका स्त्रीची छाया वावरू लागते आणि नेहाला आपल्या गर्भाची चिंता वाटू लागते. पूजा सावंत (नेहा) आणि उषा नाईक (तुळसाबाई) यांच्या अभिनयाने हा भाग तोलून धरला आहे. विशेषतः उषा नाईक यांच्या आवाजातील घरगुती मार्दव हेच भयाचे खरे साधन ठरते.

भारतीय रसविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर चित्रपटाच्या पूर्वार्धात भयानक रसाचा आलंबनविभाव ते भूत आहे. उत्तरार्धात मात्र हा आलंबनविभाव सरकतो. मुलींना जन्मतःच मारून टाकणाऱ्या घराण्याचा इतिहास उघड होतो, आणि ज्या स्त्रीला आपण भूत म्हणून भीत होतो ती त्या इतिहासाचा बळी होती हे कळते. ज्या मायाळू हातांवर आपण विसंबलो, तेच हात भयाचे कारण होते. म्हणजे भय नाहीसे होत नाही, ते केवळ जागा बदलते. आणि त्याने सोडलेल्या जागी करुण येऊन बसतो. विंडम आणि लेव्हिन यांच्या कथांत जे जन्मास येणार आहे त्याची भीती आहे. 'लपाछपी'त ज्यांना जन्मू दिले नाही, अथवा जन्मल्यावर जगू दिले नाही, त्यांची भीती आहे. अरिष्ट पुढे येणार नसून ते होऊन गेले आहे आणि त्याचा हिशेब तेवढा उरला आहे.

ही कल्पना मराठी लोकमानसाला परकी नाही. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंतीण किंवा हडळ होऊन भटकते, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई त्याच्या कपाळी भवितव्य लिहिते, ही श्रद्धा आहेच. या कल्पनांमागे बाळंतपणातील मृत्यूंचा आणि अर्भकमृत्यूंचा दीर्घ अनुभव दडलेला आहे. समाजाने ज्या मृत्यूंची उघड मोजदाद केली नाही, त्यांची मोजदाद त्याने भुतांच्या रूपाने केली, असे म्हणावयास हरकत नाही. 'लपाछपी' ही जुनी मोजदाद पुढे चालविते, म्हणून तिचे भूत उसने वाटत नाही.

येथवर चित्रपटाची बाजू झाली. परंतु एक आक्षेप घेतल्यावाचून राहवत नाही. चित्रपटाने पाप एका दूरच्या घरात, एका वयस्क स्त्रीच्या श्रद्धेत आणि अडाणी परंपरेत नेऊन ठेवले आहे. शहरातून आलेली नेहा निष्पाप, आणि फडातले घर अपराधी! वस्तुस्थिती अशी सोपी नाही. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894 राहिल्या. 2001 साली कोल्हापूर आणि सांगली या बागायती, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत हा आकडा अनुक्रमे 839 व 851 होता. 2011 साली बीडमध्ये तो 807 वर आला. त्याच वर्षी अरण्यबहुल गडचिरोलीत मात्र तो 961 होता. अंधश्रद्धेचे माप लावले तर हा क्रम उलगडत नाही. पैसा, रस्ता आणि सोनोग्राफीचे यंत्र जेथे आधी पोहोचले, त्या दिशेने पाहिले की तो बराचसा उलगडतो. गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 सालीच केला आणि केंद्राने 1994 साली केला. तो करावा लागला, कारण हे कृत्य विहिरीकाठी नव्हे, तर दवाखान्यात, पावती न देता होऊ लागले होते.

नवी मुंबईत बसून हा चित्रपट पाहणाऱ्यास ही गोष्ट अधिक जाणवावी. 1970 पासून सिडकोने वसविलेले हे नगर गावापासून तुटलेले नाही. वाशी-तुर्भ्याच्या बाजारपेठेत ओझी वाहणारे कितीतरी माथाडी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आले. त्यांची घरे, नाती आणि सणवार दोन्हीकडे आहेत. येथील प्रेक्षक उसाचा फड परका म्हणून पाहत असेल तर तो स्वतःशीच लपाछपी खेळत आहे. चित्रपटाने त्याला त्या लपण्यातून बाहेर ओढावयास हवे होते. ते पुरेसे घडत नाही.

हीच उणीव उसाच्या चित्रणातही दिसते. फड हा येथे चक्रव्यूह आहे, रंगभूमी आहे; परंतु तो ऊस कोण लावतो, कोण तोडतो, याचा मागमूस नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली पुढे आला. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ऊस आणि गर्भाशय यांचा हा संबंध कोणत्याही भुतापेक्षा भयंकर आहे. चित्रपट त्याआधी दोन वर्षे निघाला, त्यामुळे ही पाहणी त्याने जाणावी अशी अपेक्षा नाही. परंतु फडातील श्रमाकडे त्याने पाहिले असते, तर त्या वाटेवर तो आपोआप पोहोचला असता. याच दिग्दर्शकाने 2021 साली 'छोरी' या नावाने केलेले हिंदी रूपांतर उत्तरेत सहज रुजले. हे यश मानावे, तसेच मूळ चित्रपटातील भूमी पुरेशी मराठी नव्हती, याचा पुरावाही मानावा.

असे असूनही 'लपाछपी'चे श्रेय कमी लेखता येत नाही. मराठी पडद्यावरील भयाला तिने नैतिक कारण दिले आणि भुताला तक्रारदार म्हणून उभे केले. पुढच्या कलावंताचे काम त्याहून कठीण आहे. त्याला ती तक्रार फडातल्या एकाकी घरातून उचलून आपल्याच सदनिकेच्या दारात आणावयाची आहे. तेथे भूत दिसणार नाही. एक वही मात्र दिसेल, जिच्यात काही नावे कधीच लिहिली गेली नाहीत.