तंजावरचे दोन ग्रंथ आणि घटस्फोटाचा प्रश्न

घटस्फोटांची वाढ हे नैतिक ऱ्हासाचे चिन्ह होय, असे मत मराठी वैचारिक लेखनात वारंवार मांडले जाते. पूर्वीचा विवाह उभयतांना पवित्र वाटे म्हणूनच तो अभंग राही, हे गृहीत ह्या मताच्या मुळाशी असते. ते कितपत टिकते हे पाहण्यास तंजावरच्या भोसले दरबाराचे वाङ्मय फार उद्बोधक आहे.

विवाह हा त्या दरबारी नाटकांचा आवडता फलागम. शहाजीराजांच्या (राज्यकाल 1684–1712) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ ह्या मराठी नाटकाच्या नावातच तो आहे. त्र्यंबकयज्वन् ह्याची ‘स्त्रीधर्मपद्धती’ मात्र जणू लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होते. अठराव्या शतकात ह्याच दरबाराच्या छायेत रचलेला हा संस्कृत ग्रंथ ज्युलिया लेस्ली ह्यांच्या 1989 च्या इंग्रजी अभ्यासामुळे चर्चेत आला. पतीच्या आधी उठण्यापासून रात्रीच्या शयनापर्यंत पत्नीची प्रत्येक घटका त्यात बांधून दिलेली आहे. प्राणांची पर्वा न करता पतिसेवा करणे हा तिचा मुख्य धर्म ठरविला आहे. हा ग्रंथ तत्कालीन आचाराचे चित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु जे घरोघर आपोआप घडत असते, ते घडावे म्हणून कोणी पंडित एवढी वचने गोळा करीत बसत नाही. ग्रंथाचा विस्तार हाच येथे आचाराच्या शैथिल्याचा पुरावा मानावा लागतो.

त्याच दरबारात शहाजीराजांच्या नावावर असलेले ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू यक्षगान निर्माण झाले. मन्नारगुडीच्या उत्सवास आलेला ब्राह्मण एका अस्पृश्य स्त्रीवर लुब्ध होतो आणि तिचा पती आपली पत्नी त्याला दान करतो! त्र्यंबकाच्या मते जे बंधन तुटूच शकत नाही, ते येथे उघड विनोदाचा विषय झाले आहे. तरीही दोन्ही कृतींत एक साम्य आहे. शीर्षकातले शौर्य देणाऱ्याचे. दिली जाणारी केवळ सती. बंधन अतूट असो वा हास्यास्पद, ते सोडण्याचा अधिकार तिचा नाही.

भाषेची साक्षही ह्याहून निराळी नाही. धर्मशास्त्रात पतितास जिवंतपणी मृत मानून त्याच्या नावे पाण्याचा घट पालथा करीत. त्या बहिष्काराचे नाव मराठीने विवाहविच्छेदाला दिले. ज्या जातींत विवाह रूढीने मोडता येत असे, त्यांच्याकडे ‘काडीमोड’ हा किती साधा शब्द होता! 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीचा हा हक्क कायम ठेवला. तंजावरात त्यापूर्वीच, मद्रास प्रांताच्या 1949 च्या कायद्याने, हिंदूंना न्यायालयाची वाट मोकळी झाली होती. परस्परसंमतीचा घटस्फोट 1976 साली आला. कौटिल्याने परस्परद्वेषामुळे मोक्ष सांगितला होता, अर्थात धर्म्य विवाह वगळून.

न्यायालयातील अर्जांवरून नीती मोजणाऱ्यांच्या नजरेतून जातपंचायतीपुढची काडीमोड सुटते, आणि मोडूनही न मोडलेला संसारही सुटतो. 2011 च्या जनगणनेत घटस्फोटितांची संख्या सुमारे 13 लाख 60 हजार होती. घटस्फोटाविना विभक्त राहणारे त्यांच्या दुपटीहून अधिक होते. अशा स्त्रीसाठी मराठीत ‘टाकलेली’ हा शब्द रूढ आहे. ऱ्हासाची चिंता वाहणाऱ्या लेखनात तो क्वचितच भेटतो.